डोक्यातलं नेटवर्क : बांधकाम चालू आहे

कुरखेड्यात कोणी 'नेटवर्क' म्हटलं की आधी हात खिशातल्या मोबाइलकडे जातो आणि मग नजर टॉवरच्या दिशेने. रेंज ही आमच्याकडे बातमी असते. "आली का?" "एक काडी आली." "मग लवकर बोल." २०२०-२१ मध्ये माझं दहावीचं वर्ष असंच गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर बसून, काड्या मोजत गेलं. शेवटी परीक्षाच रद्द झाली आणि आमची सबंध बॅच बोर्डाचा पेपर न बघता पास झाली. (वर्गातले मित्र यावरून अजून चिडवतात. ते स्वतःही त्याच बॅचचे आहेत, हे ते विसरतात.)

हा लेख दुसऱ्या एका नेटवर्कबद्दल आहे. ते प्रत्येकाच्या कवटीत असतं, त्याचं सगळ्यात मोठं काम साधारण दहाव्या ते पंचविसाव्या वर्षात चालतं, आणि त्याच्यावर ताणाचा काय परिणाम होतो हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरंच कळलं आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण या विषयाच्या मागे लागण्याचं एक कारण घडलं.

मागच्या दिवाळीत मामेबहीण घरी आली होती. पहिलीपासून आश्रमशाळेत आहे, आता दहावीला. मी मोठ्या ऐटीत तिला गणित शिकवायला बसलो. सगळी उदाहरणं तिने सोडवली, एक तर माझ्याआधी. मग सहामाहीत इतके कमी मार्क का, असं विचारलं तर म्हणाली, "दादा, मले येते सारं. पण पेपर हाती आला का सारं पुसून जाते. सर म्हणतात, तुझं डोकंच चालत नाही." वाक्य साधं होतं, तिने ते हसून सांगितलं. पण 'डोकं चालत नाही' म्हणजे नेमकं काय चालत नाही? आपल्याकडे सर्किट चाललं नाही तर आपण मल्टिमीटर लावतो, कोणत्या पॉइंटला व्होल्टेज येत नाही ते बघतो. पोरीच्या बाबतीत मात्र एका वाक्यात अख्खं बोर्ड फेकून द्यायचं, हे मला पटलं नाही.

आधी 'ताण' हा शब्द बघू, कारण तो मूळचा आपलाच आहे. सिव्हिल-मेकॅनिकलवाले पहिल्याच वर्षी शिकतात की स्ट्रेस म्हणजे बाहेरून पडणारा भार भागिले क्षेत्रफळ, आणि त्यामुळे वस्तूत जो बदल होतो तो स्ट्रेन. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटीशी नोंद छापली. उंदरांना थंडी, जखम, विष, काहीही दिलं तरी शरीराची प्रतिक्रिया एकाच प्रकारची दिसते, असं त्यात होतं. पुढे त्यानेच या प्रतिक्रियेसाठी 'स्ट्रेस' शब्द रूढ केला. नंतर त्याने कबूलही केलं की आपलं इंग्रजी बरं असतं तर आपण 'स्ट्रेन' म्हटलं असतं. म्हणजे गेली ऐंशी-नव्वद वर्षं सगळं जग चुकीची टर्म वापरतंय! मराठीत दोन्हींना ताणच म्हणतात, त्यामुळे आपली त्या भानगडीतून सुटका झाली.

आता नेटवर्क. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पण पेशींच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं असतं ते त्यांचं एकमेकींशी असलेलं जोडकाम. पूर्वी समजूत होती की हे जोडकाम लहानपणीच संपतं, उरतो तो फक्त अनुभव. १९७९ मध्ये पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंचे नमुने घेऊन कपाळामागच्या भागातले जोड मोजले, तेव्हा दिसलं की लहान मुलात हे जोड प्रौढ माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पुढच्या वर्षांत ते कमी कमी होत जातात. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. कपाळामागचा करडा भाग मुलींत साधारण अकराव्या आणि मुलांत बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग पातळ होऊ लागतो, असं त्यात आढळलं.

पातळ होतो म्हणजे बिघडतो, असं नाही. आमच्या जंगलाचंच उदाहरण घ्या. मोहफुलाच्या दिवसांत गावातून जंगलात पन्नास पायवाटा निघतात. ज्याच्या मनाला येईल तो तिथून जातो. पावसाळ्यानंतर बघा: ज्या वाटेने लोक गेले ती राहते, बाकीच्यांवर गवत चढतं. मेंदूतही वापरातले जोड टिकतात आणि बिनवापराचे गळतात. त्याच काळात दुसरं काम चालू असतं, ते मायलिन चढवण्याचं. चेतापेशीच्या लांब तंतूवर चरबीचा थर चढतो आणि संदेशाचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटरवरून काही तंतूंत शंभर मीटरच्या आसपास जातो. म्हणजे राहिलेल्या पायवाटांवर डांबर पडतं. डांबरीकरण मागून सुरू होतं आणि कपाळाकडे येतं. विचार करून थांबणे, पुढचं बघणे, रागावर लगाम ठेवणे ही कामं जिथे होतात तो प्रीफ्रंटल भाग सगळ्यात शेवटी पुरा होतो, पार विशीच्या मध्यावर. आपल्यापैकी बहुतेकांचं काम अजून चालू आहे, हे फर्स्ट इयरच्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता एक चक्कर मारली तर कोणालाही पटेल.

या सगळ्याला नुसतं वायरिंग न म्हणता नेटवर्क का म्हणतात? १९९८ मध्ये वॅट्स आणि स्ट्रोगॅट्झ या दोघांनी दाखवलं की जवळजवळचे जोड भरपूर आणि लांबचे जोड मोजकेच, अशी रचना असली तर कमी तारांत कुठूनही कुठेही पटकन पोहोचता येतं. मेंदूची रचना याच जातीची निघाली. शेजारी-शेजारी गावांचे गट, आणि काही मोजकी जंक्शन. वडसा स्टेशन जसं आमच्या सगळ्या भागाचं जंक्शन, तसं. वाढत्या वयात हे गट नीटस होतात आणि जंक्शनना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या लाइन्स मजबूत होतात.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तो खास आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २००७ ते २००९ च्या सुमारास फार सुंदर निकाल छापले. मुलांच्या मेंदूत जवळचे जोड जास्त बळकट, मोठ्यांत लांबचे जोड जास्त बळकट. सगळीकडे त्यांचा बोलबाला झाला. मग २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या, बऱ्याच अंशी त्याच लोकांनी लिहिलं की थांबा, यातला बराच भाग डोकं हलल्यामुळे दिसतोय. यंत्रात पडून राहिलेलं डोकं मिलिमीटरपेक्षा कमी हललं तरी जवळचे जोड उगाच जास्त आणि लांबचे कमी दिसतात. आणि मोठ्यांपेक्षा जास्त चुळबूळ कोण करतं? मुलं! हलण्याचा हिशेब वजा केल्यावर परिणाम पुरता नाहीसा झाला नाही, पण बराच उतरला. सिग्नल म्हणून जो मिरवला त्यात नॉइज केवढा होता, हे स्वतःच्याच पेपरबद्दल छापायला छाती लागते. म्हणून यापुढे मी जे लिहिणार आहे तेही 'मेंदूचा फोटो निघाला म्हणजे ब्रह्मवाक्य' अशा भावाने वाचू नका.

आता मुख्य मुद्दा. धोका दिसला की शरीरात काय होतं ते कंट्रोल सिस्टिम्सच्या ब्लॉक डायग्रामने सरळ काढता येतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तो पिच्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिच्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना देते, आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते, काळीज धडधडतं, लक्ष एका गोष्टीवर येतं. मग हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत येतं आणि सांगतं की पुरे झालं, बंद करा. सरळसरळ निगेटिव्ह फीडबॅक. ते 'बंद करा' ऐकणाऱ्या जागांपैकी महत्त्वाची म्हणजे हिप्पोकॅम्पस. १९६८ मध्ये ब्रूस मॅकएवन यांनी उंदरांत दाखवलं की हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये मोठ्या प्रमाणात धरून ठेवलं जातं. आणि गंमत म्हणजे हिप्पोकॅम्पस हीच नव्या आठवणींची जागा आहे. ताणाचं बटण बंद करणारा आणि पाठ केलेलं लक्षात ठेवणारा माणूस एकच, म्हणजे एका खिडकीवर दोन रांगा.

मामेबहिणीचं 'पुसून जाते' इथे येतं. १९९८ मध्ये डॉमिनिक द क्व्हेर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्यातल्या लपलेल्या पाटाची जागा शिकवली. दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी त्यांना हलका शॉक दिला. शॉक परीक्षेच्या दोन मिनिटं आधी दिला तर फरक नाही. चार तास आधी दिला तरी नाही. अर्धा तास आधी दिला तर मात्र उंदीर जागा विसरले! कारण रक्तात संप्रेरक चढायला तेवढाच वेळ लागतो. जागा त्यांच्या डोक्यात होती, फक्त त्या क्षणी बाहेर निघत नव्हती. आता पेपरच्या अर्धा तास आधीचा आपला कॉरिडॉर आठवा. "अरे चौथं युनिट केलं का? त्यावरच येणार म्हणे." हा शॉकच आहे, तोही मित्रांनी दिलेला.

एवढ्याने नेटवर्क बदलत नाही, चार तासांत सगळं जागेवर येतं. प्रश्न उभा राहतो तो बटण बंदच होत नाही तेव्हा. यावरचं फार चांगलं काम आपल्याच देशात झालं आहे. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये, अजय व्यास यांच्या नावाने पहिला असलेला पेपर छापला. उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास हलता येणार नाही असं ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या, हे आधीही कोणी कोणी पाहिलं होतं. नवीन हे की अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला धोक्याचा भोंगा. एकाच ताणाने आठवणीची जागा छाटली आणि भीतीची जागा फोफावली. २००४ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: तीन आठवडे आराम दिला तर? हिप्पोकॅम्पस भरून येतो हे माहीत होतं. अमिग्डालाच्या वाढलेल्या फांद्या मात्र तशाच राहिल्या, आणि उंदीर घाबरटच राहिले. मुंबईत टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने पिल्लांपासून सुरुवात केली. जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे पिल्लांना रोज तीन तास आईपासून वेगळं ठेवलं, तर मोठेपणी त्यांच्या वागण्यात आणि मेंदूच्या रसायनांत त्याच्या खुणा सापडतात.

आणि किशोरवयाचं काय? रसेल रोमियो यांच्या प्रयोगांत वयात येण्याआधीच्या आणि प्रौढ उंदरांना सारखाच अर्ध्या तासाचा ताण दिला. संप्रेरक दोघांत चढलं. उतरायला मात्र कोवळ्या उंदरांना पाऊण ते एक तास जास्त लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर सेटलिंग टाइम मोठा. म्हणजे ज्या वयात पायवाटा ठरत असतात, डांबर पडत असतं, नेमक्या त्याच वयात हे रसायन रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. आईबाप म्हणतात "या वयात कसला आलाय ताण", तो असा येतो.

आता इथून पुढचं मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटलं. आपली सर्वसाधारण समजूत अशी की ताणाने मेंदू मागे पडतो, वाढ खुंटते. माणसांवरच्या अभ्यासात बऱ्याचदा उलट दिसतं: वाढ घाईने होते. डिलन गी आणि निम टॉटनहॅम यांनी २०१३ मध्ये, अनाथालयात सुरुवातीचं आयुष्य काढून मग अमेरिकन घरांत दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास छापला. साधारण मुलांमध्ये भीतीचा भोंगा आणि प्रीफ्रंटल भाग हे लहानपणी एकाच दिशेने वरखाली होतात. दहा वर्षांच्या पुढे ते उलट दिशेने चालू लागतात, म्हणजे वरचा भाग भोंग्यावर हात ठेवायला शिकतो. अनाथालयातून आलेल्या मुलांत ही मोठ्यांची रचना लहानपणीच बसलेली होती. आणि ज्यांच्यात ती बसली होती ती मुलं त्या गटात कमी घाबरट होती! म्हणजे ती मोडतोड नव्हती. कोणी मोठं माणूस भोंगा बंद करायला येत नाही म्हटल्यावर मेंदूने स्वतःच घाईघाईने बंदोबस्त केला होता.

मग तोटा काय? उशिरा डांबर पडण्याचा फायदा हा की तोपर्यंत रस्ता कुठून न्यायचा ते बदलता येतं. आमच्याकडे पावसाळ्याआधी बिल काढायचं म्हणून घाईत केलेले रस्ते सगळ्यांनी पाहिले आहेत. वापरायला मिळतो लगेच, पण वळण चुकलं तर चुकलंच. २०२१ मध्ये टूली, बॅसेट आणि मॅकी यांनी असे अनेक अभ्यास एकत्र मांडून हाच विचार पुढे नेला: कठीण परिस्थितीत मेंदूचं नेटवर्क लवकर पक्कं होतं, आणि शिकण्याची लवचीक खिडकी लवकर अरुंद होते. २०२४ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी कोविड आधीचे आणि नंतरचे किशोरांचे एमआरआय ताडून पाहिले. मेंदूचा वरचा थर अपेक्षेपेक्षा जास्त पातळ झालेला होता. हिशेबाने मुलींचा मेंदू सुमारे ४.२ वर्षं आणि मुलांचा १.४ वर्षं 'पुढे' गेलेला निघाला. आकडा वर्तमानपत्रांत फार गाजला. मला तो थोडा जपून घ्यावासा वाटतो. मुलं थोडी होती, आणि पातळ होणं म्हणजे म्हातारं होणं नव्हे, हे वर आलंच आहे. पण दिशा तीच आहे.

यातली बहुतेक मुलं अमेरिकेतली आहेत, शहरातली आहेत. कुरखेड्याचं पोरगं त्यात नाही. भारतात बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सहा ते तेवीस वर्षांच्या हजारो मुलांचा 'सीव्हेडा' नावाचा अभ्यास चालू झाला, तो यासाठीच महत्त्वाचा. आणि निम्हान्सनेच केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलामुलींना उपचाराच्या योग्यतेचा मानसिक त्रास आढळला होता. शंभराच्या पटसंख्येत सात.

आमच्या भागात ताण कसा असतो, ते मी माझ्यापुरतं सांगू शकतो. १ मे २०१९. मी चौदा वर्षांचा होतो. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून घरी आलो. तालुक्यात दादापूरला रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळल्याची बातमी गावात फिरत होती. दुपारी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि कुरखेड्याहून पुराड्याकडे निघालेले पोलिसांचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या रस्त्याने आम्ही कितीदा सायकलने गेलो होतो. नंतरचे काही महिने मला एक सवय लागली. मोटारसायकलचा सायलेन्सर फुटला की मी आधी खाली वाकायचो आणि मग मला कळायचं की वाकलो. मे महिना, लग्नसराई. वरातीत लडी लावली की मांडवातली अर्धी मंडळी दचकायची आणि मग एकमेकांकडे बघून हसायची. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण ते भोंग्याचं काम होतं, आणि भोंगा बरोबर काम करत होता. त्या जागी, त्या दिवसांत, आवाजाला घाबरणारा मेंदू बिघडलेला नव्हता. अडचण एवढीच की तोच मेंदू घेऊन मला जूनमध्ये नववीत बसायचं होतं, जिथे लक्ष फळ्यावर लागतं, दारावर नव्हे.

माझं बरं होतं, कारण संध्याकाळी घरी आई होती, बाबा होते. बाबा काही बोलायचे नाहीत. फक्त अंगणात बाज टाकून माझ्या शेजारी बसायचे. मामेबहिणीचं तसं नाही. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत आणि सहा वर्षांचं पोरगंही तिथे राहायला जातं. आश्रमशाळा नसत्या तर कोरची-कुरखेड्याकडची कितीतरी मुलं शाळेतच गेली नसती, हे मी विसरत नाही. आणि आश्रमशाळा म्हणजे अनाथालय नव्हे. सुटीत घर आहे, आई आहे, भावंडं आहेत. तरीही सहाव्या वर्षी घरची गोंडी किंवा छत्तीसगढी मागे ठेवून मराठीत झोपणं, मराठीत रडणं, हे मी केलेलं नाही. तिने केलं आहे. त्यात पहाटे पाचची घंटा. वयात आल्यावर झोपेचं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटू लागतं, हे मेरी कार्सकॅडन यांच्या अभ्यासातून १९९० च्या दशकातच स्पष्ट झालं होतं. घंटेला ते माहीत नाही.

मग हे नेटवर्क आता पक्कं झालं, संपलं? मी हाच प्रश्न घेऊन शोधत होतो आणि उत्तर मिळालं ते मिनेसोटाच्या मेगन गन्नर यांच्या कामात. अनाथालयातून दत्तक गेलेल्या मुलांत कॉर्टिसॉलची प्रतिक्रिया दबलेली असते. ताण दिला तरी चढतच नाही, फ्यूज उडाल्यासारखी. चांगल्या घरात अनेक वर्षं राहूनही ती तशीच राहते, म्हणून ती कायमची असं समजलं जायचं. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ही मुलं वयात येऊ लागली की प्रतिक्रिया बदलते आणि हळूहळू साधारण मुलांसारखी होते. घर चांगलं असेल तर. शरीर वयात येताना हे लूप जणू पुन्हा ट्यून होतं. सातव्या वर्षी जे बसलं ते पंधराव्या वर्षी परत उघडतं. म्हणजे ज्या वयाला आपण धोक्याचं वय म्हणतो, दुरुस्तीची संधीही त्याच वयात आहे, आणि दहावीत 'डोकं चालत नाही' हा शिक्का मारला जातो तोही नेमका त्याच वर्षी.

'चांगलं घर' यातला कामाचा भाग कोणता, हेही त्यांच्याच गटाने तपासलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अनोळखी लोकांपुढे भाषण करायला लावलं आणि आधी आई किंवा बाबा सोबत बसले, तर कॉर्टिसॉल फारसं चढत नाही. पंधरा-सोळाच्या मुलाला तेच केलं तर आईबाप सोबत असून नसून सारखेच. मग मित्र? मॉन्ट्रियलच्या एका अभ्यासात शाळकरी मुलांची लाळ तपासली. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ असेल तर कॉर्टिसॉल वाढत नव्हतं, नसेल तर वाढत होतं. पण गन्नर यांच्या गटाने मोठ्या मुलांना भाषणाची तयारी मित्रासोबत करायला दिली तेव्हा ताण उलट वाढला. कदाचित मित्रापुढे फजिती नको, म्हणून. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ओरलच्या रांगेत एक मित्र धीर देतो आणि दुसरा नवीनच प्रश्न सांगून पाय लटपटवतो.

आमच्या जिल्ह्यातल्या माडिया-गोंड गावांत गोटुल असायचं, काही ठिकाणी अजून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर ते पुन्हा बांधलं. तरुण पोरापोरींनी संध्याकाळी एकत्र जमायचं, गायचं, मोठ्यांकडून गोष्टी ऐकायच्या. त्याला मी विज्ञानाचा मुलामा देणार नाही. पण वयात आलेल्या पोराला आईबाप पुरत नाहीत, त्याला बरोबरीची माणसं आणि जवळपास एखादं न रागावणारं मोठं माणूस लागतं, हे कोणीतरी एमआरआयच्या फार आधी ओळखलं होतं असं वाटतं.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यातून रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही चोवीस तासांची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावायला काय हरकत आहे? बसच्या वेळापत्रकाशेजारी लावला तर सगळे वाचतील.

दिवाळी संपल्यावर मामेबहीण परत गेली. तिच्या शाळेत रविवारी संध्याकाळी घरी फोन करू देतात, त्यातली दहा मिनिटं आता माझ्या वाट्याला येतात. पहिल्या फोनला मी गणिताचंच विचारलं, ती "हो, हो" म्हणत राहिली. दुसऱ्यांदा शहाणा झालो. झाडीपट्टीचा नाटकाचा सीझन होता, तिच्या गावच्या मंडईत कोणतं नाटक आलं ते विचारलं. आठ मिनिटं ती एकटीच बोलली. मग आपणहून म्हणाली, पेपरच्या आधी ती आणि तिची मैत्रीण आता शाळेमागच्या मोहाखाली जाऊन बसतात, पुस्तक न घेता. उंदरांचा प्रयोग मी तिला दिवाळीत सांगितला होता. तो तिला फार आवडला होता, फक्त उंदरांना शॉक देणारे लोक वाईट, असं तिचं मत झालं.

परवा घटक चाचणीचे मार्क कळले. गणितात चार वाढले. इंग्रजीत दोन कमी झाले. बोर्डाचा पेपर मार्चमध्ये आहे.